सासऱ्यांच्या बंदुकीचा जड चाप

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा एक नियम होता : कानस सगळ्यात शेवटी. आधी नुसतं बघत बसायचं. गिऱ्हाईक जांभया देऊ लागे. बायको म्हणे, "आमचं लग्न ठरलं तेव्हाही हो म्हणायच्या आधी असेच बघत बसले होते. आईला वाटलं, मुलगा मुका आहे."

त्या दिवशी गिऱ्हाईक घरचंच होतं. मेहुणीने वडिलांची ठासणीची बंदूक टेबलावर ठेवली.

"भावजी, उद्या नेमबाजीची स्पर्धा. तीन बारांतले दोन ठिपक्यात बसले नाहीत तर बाबा ही चुलतभावाला देणार. म्हणे, तुझ्या बोटात जोर नाही! अहो, हा चाप ओढायचा की विहिरीतून बादली? ओढता ओढता नळीच हलते."

"कानशीने घासा ना जरा," बायको म्हणाली.

"जास्त घासलं तर नुसत्या धक्क्याने बार उडेल. मग तुमच्या बाबांची टोपी गेलीच समजा."

मिस्त्रींनी चापाची कळ लाकडी दस्त्यातून सुटी केली. घोड्याला अडवून धरणारी खिट्टी हातात दाबली, तर ती अलगद सुटली. कळ परत बसवून चाप ओढला, तर ढिम्म! म्हणजे दोष लोखंडात नव्हता. त्यांनी खिट्टीला काजळी फासली, कळ बसवली, चाप ओढला आणि पुन्हा सगळं उघडलं. आत लाकडावर काळा डाग उमटला होता. सासऱ्यांनी वर्षानुवर्षं मायेने तेल पाजून लाकूड फुगवलं होतं, आणि खिट्टी त्यालाच घासत होती. मिस्त्रींनी पटाशीने केसभर लाकूड तासलं. मग रिकाम्या बंदुकीचा घोडा चढवून दस्ता जमिनीवर आपटला. घोडा जागचा हलला नाही. चाप मात्र एका बोटाने सुटत होता.

दुसऱ्या दिवशी सासरे मैदानावर हाताची घडी घालून बसले. मेहुणीने सवयीने दातओठ खाऊन चाप ओढायला घेतला, आणि नेम धरायच्या आतच बार उडाला. गोळी मातीच्या बांधात.

"बांध मेला बिचारा," चुलतभाऊ म्हणाला.

"अगं, जोर कशाला लावतेस!" मिस्त्री ओरडले. "नेम लागेपर्यंत बोट बाहेर ठेव, मग नुसतं टेकव!"

मेहुणीने दारू भरली, गोळी ठासली, श्वास धरला. या वेळी फळीवरच्या काळ्या ठिपक्याला भोक पडलं. पुढची गोळी त्या भोकाशेजारी, ठिपक्यातच बसली. चुलतभाऊ बुटाची नाडी बांधू लागला.

स्पर्धा संपल्यावर सासरे उठले. "दे बघू इकडे." त्यांनी नेम धरला आणि फळीची कड उडवली. लगेच दुसऱ्या बारासाठी दारू शोधू लागले.

"मामा, डोळे गेले म्हणून बंदूक सोडली होती ना तुम्ही?" मिस्त्रींनी विचारलं.

"डोळ्यांना काय धाड भरलीय! बोटच ओढेना. आता हे सांगणार कुणाला?"

"मला सांगायचं होतंत की," म्हणत मेहुणीने बंदूक काढून घेतली. "आता ही माझी. हवी तर मागून घ्यायची."

सासऱ्यांनी मदतीसाठी जावयाकडे पाहिलं. जावई आभाळाकडे पाहत होते.

"बरं बाई, एकदाच दे."

अंधार पडेपर्यंत ते 'एकदाच' म्हणत होते.