आसरांना नवरे होते का?

परवा सकाळी बाळाची दुपटी वाळत घातली, लेकीसाठी अळिवाची खीर गॅसवर ठेवली आणि ओट्यापाशी उभ्यानेच पुस्तक उघडलं... खीर खाली लागली, ते वास आल्यावर कळलं.

पुस्तकच तसं आहे. माझी लेक प्राजक्ता बाळंतपणाला माझ्याकडे चिखलीला आली, तेव्हा ही जाड कादंबरी घेऊन आली. कंपनी बांधायला एक जुनी विहीर बुजवतात आणि तिच्यातल्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, पाइपांमधून शहरभर फिरायला लागतात... कुणाच्या नळाला येतात, कुणाच्या कूलरमध्ये जाऊन बसतात.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन लेकीच्या पुस्तकांवर आपलं आपणच शिकले. पण माझ्या ओळखीच्या देवता अशा गोष्टीत पहिल्यांदाच भेटल्या.

आमच्या गावाकडे बाळंतीण सव्वा महिन्याने पाणी पुजायला जाते. विहिरीच्या काठी सात खडे मांडायचे, दहीभात ठेवायचा, हिरव्या बांगड्या वाहून सवाष्णीने आसरांची ओटी भरायची. इथे विहीर कुठली... आमच्या सोसायटीत सगळ्या जणी बोअरच्या पंपाशीच खडे मांडतात.

आमची पूजा दुसऱ्या दिवशी होती. ओटी भरायला मी शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलं होतं. हे गेल्यापासून अशा कामात मी आपणहून मागे उभी राहते, कुणी म्हणायच्या आधीच.

प्राजक्ता चिडली होती. "दिवसरात्र बाळाला मांडीवर तू घेतेस, आणि ओटी भरायला शेजारीण?" मी म्हटलं, "रीत आहे बाई." तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नव्हती.

आणि पुस्तक वाचता वाचता मला प्रश्न पडला. निम्म्याहून जास्त वाचून झालं. साती जणींची भांडणं आली, त्यांचा भाऊ म्हसोबा आला... नवरा मात्र एकीलाही नाही. लिहिणाऱ्याने गाळले, की मुळातच नाहीत?

खीर उतरवली आणि तडक तळमजल्यावर हौसाआजींकडे गेले. आजी इथल्याच, जुन्या गावातल्या. आमची बिल्डिंग उभी आहे ते त्यांचं शेत होतं. मेथी निवडत बसल्या होत्या.

"आजी, आसरांना नवरे होते का हो?"

"का गं? सकाळी सकाळी सोयरीक जुळवायचीय व्हय त्यांची?" त्या हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. त्या पाण्यातल्या मोकळ्या बाया. त्यांच्या नवऱ्याचं कुनी ऐकलं न्हाई."

"मग त्यांची ओटी सवाष्णीनेच का भरायची?"

आजींचा हात थांबला. त्यांचंही कपाळ कित्येक वर्षांपासून मोकळं आहे, हे मला तेव्हा कुठे जाणवलं...

"इचारलं न्हाई कधी," त्या हळूच म्हणाल्या. "सांगितलं तसं करत आलो. पर ज्यांना नवराच न्हाई, त्या तुला तुझ्या नवऱ्याचं कशापायी इचारतील?"

जिना चढताना यांची फार आठवण आली. त्यांचं नसणं आजींच्या बोलण्याने हलकं झालं नाही, ते होणारही नाही. पण मागे उभं राहणं मी उगाचच त्यांच्या जाण्याला जोडून ठेवलं होतं.

काल सकाळी वहिनींना फक्त जेवायला बोलावलं. हौसाआजींना सोबत घेतलं, आणि पंपाशी आसरांची ओटी आम्ही दोघींनी भरली.