आधी पाय बघणारे गुंडप्पा मास्तर

गुंडप्पा मास्तर माणसाचं तोंड नंतर बघत, आधी पाय. मी करजगीहून गुलबर्ग्याच्या शाळेत आलो, तेव्हा नावही न विचारता म्हणाले, "काळ्या रानातला दिसायलास. टाचंच्या भेगा बघ की!" त्यांचं शिकवणं सरकारी नियमानं उर्दूत, समजावणं मराठीत आणि रागावणं कन्नडात. पण धोशा एकच: "तोंडाला फसू नको रे, पाय बघ."

वर्गातल्या काचेच्या कपाटात भुसा भरलेला एक प्राणी होता. मांजराहून थोराड, तोंड घुशीसारखं. आमचं गरीब पोरांचं बोर्डिंग ज्यांच्या जिवावर चाले, त्या जहागीरदारसाहेबांनी हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून घेऊन तो शाळेला दिलेला. खाली पाटी: 'ग्राउंडहॉग, अमेरिका'.

मास्तरांनी वर्गात सरळ सांगून टाकलं, "ह्यो मार्मोट हाय, हिमालयातला. ह्यो आन् पाटीवरचा ग्राउंडहॉग एकाच भावकीतले, दोघंबी बिळं करत्यात. पण अमेरिकेतल्याचं अंग करडं, पाय काळे. ह्याचे पाय बघा, पिवळट. त्यो सखल रानात एकटा राहतोय, ह्यो उंच डोंगरात कुटुंबकबिला घेऊन."

पुढं जहागीरदारसाहेब शाळा बघायला यायचे ठरले. हेडमास्तरांनी हात जोडले, "गुंडप्पा, पायांचं काही काढू नका. साहेब बिघडले तर बोर्डिंग बंद." बोर्डिंग बंद म्हणजे मी परत करजगीला, ढोरांमागं. मला त्या दिवशी भाकर गेली नाही.

साहेब आले, कपाटापुढं उभे राहिले आणि कौतुकानं विचारलं, "बच्चो, ये क्या है?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मार्मोट, हुजूर!"

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी पाटी वाचली. चेहरा उतरला. "मास्टर, हमारे को फसाया क्या वो व्यापारी?"

"न्हाई हुजूर, फसला तो व्यापारी," मास्तर शांतपणे म्हणाले. "अमेरिकेतला शेताच्या बांधावर सापडतोय. ह्याच्यासाठी बर्फाचा डोंगर चढावा लागतोय, दम तुटंस्तोवर. बांधावरच्याच्या भावात डोंगरावरचा देऊन गेला येडा!"

साहेब पोट धरून हसले. "तो हमारा फायदाच हुआ ना!" पाटी त्यांनी स्वतः बदलायला लावली. बोर्डिंग चालू राहिलं.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला, हे मी आजही मान ताठ करून सांगतो. नवे बूट घालून मास्तरांकडे गेलो. ते अंथरुणावर होते, दृष्टी गेलेली. मी नाव सांगितलं.

"आवाज कुणाचाबी काढता येतोय. बूट काढ, पाय दे."

मी ओशाळलो. गुरूनं पायाला हात लावायचा? पण त्यांनी चाचपत टाच धरलीच. भेगांवरून अंगठा फिरवला आणि हसले.

"व्हय. करजगीचं रान हाय अजून. ओळखलो तुला."