रॉटरडॅमचं एक मत

"शाई वाळू द्या," असं म्हणून ते शिक्का मारलेला कागद उचलायचे आणि त्यावर फुंकर घालायचे. प्रिंटरमधून कोरडा निघालेला कागद असला तरी फुंकर चुकायची नाही. निफाडजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर निर्यातीची कागदपत्रं करायचो. घरंही नाशिकला एकाच वसाहतीत, त्यामुळे सकाळी द्वारका चौकातून बस एकच. मी त्यांना काका म्हणायचे. माझं ऐकून सगळं ऑफिसच काका म्हणायला लागलं.

मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडायच्या आधी केंद्रावर उभी असणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या वसाहतीत ते काका. रांगेत त्यांचा नंबर पहिला. एकदा दुधवाला आधी पोचला, तर दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत.

त्यांची मुलगी रॉटरडॅमला नर्स आहे. आमच्या पेट्या ज्या बंदरात उतरतात, तेच शहर. तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं. आठवड्याभरानं काका बसमध्ये एकदम म्हणाले, "असू दे. तिथं तरी मत देईल." आणि दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती युरोपच्या संसदेसाठी पहिल्यांदा मत देणार असं कळलं, तेव्हा या माणसानं त्या निवडणुकीचा असा अभ्यास केला की उमेदवारही करत नसेल.

सीझन संपला होता. ऑफिसात आम्ही दोघं, जुन्या फायली आणि गरम वारा फेकणारा पंखा. काकांनी टेबलावर बेदाण्यांचे लहान-मोठे ढीग मांडले, एक ढीग म्हणजे एक देश. "सत्तावीस देश, संसद एक. सगळ्यात मोठ्या देशाला शहाण्णव जागा, सगळ्यात छोट्याला सहा."

"सहाच?" मी विचारलं.

"अगं, लोकसंख्या बघितली तर सहाही बसत नाहीत. मुद्दाम जास्त दिल्यात. छोट्याला कुणी दाबू नये म्हणून." एवढं बोलून त्यांनी सगळे ढीग एकमेकांत मिसळले. "आता निवडून आले की देशावार बसायचं नाही. विचार जुळतो त्यांनी एकत्र बसायचं. आणि तू मघाशी सहा बेदाण्यांचा अख्खा माल्टा खाल्लास."

एक घोटाळा त्यांनीही केला. मुलीला फोनवर विचारत बसले, तुमच्या वॉर्डात उभं कोण आहे? तिनं सांगितलं, वॉर्ड नसतो बाबा, अख्खा देश एकच वॉर्ड. पक्षांच्या याद्या असतात. सतरंजीएवढा कागद देतात आणि लाल पेन्सिलीनं एका नावापुढचा गोल भरायचा. ज्या पक्षाला जेवढी मतं, त्या प्रमाणात जागा. काका खूश झाले. "म्हणजे हरणाऱ्याचं मतसुद्धा सहसा वाया जात नाही."

तिकडे मतदान गुरुवारी होतं, बाकीच्या देशांत रविवारपर्यंत. मी निकाल विचारायच्या आधीच त्यांनी मला गप्प केलं. "शेवटच्या देशाची दारं बंद झाल्याशिवाय अधिकृत निकाल सांगत नाहीत. शाई वाळू द्या."

त्या गुरुवारी चार वाजता त्यांनी फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"दिलंस का मत?"

"दिलं ना बाबा. म्हणजे माझी डबल ड्युटी आहे, म्हणून कार्डावर सही करून शेजारच्या बाईंकडे दिलंय. त्या त्यांच्या मताबरोबर माझंही देतात. इथं चालतं तसं, कायद्यातच आहे."

"बरं. जेवलीस का?" त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "काका, कायदेशीर आहे की ते. तिनं मत बुडवलं तर नाही."

"कळतं गं मला." बेदाण्यांचा डबा त्यांनी बंद केला. "गावाला माझा बाप मत द्यायला चालत जायचा. दारातच सांगायचे, तुझं मत झालं, जा माघारी. तीन निवडणुका दुसऱ्यांनीच त्याचं मत दिलं. चौथ्या वेळी उजाडायच्या आत जाऊन पायरीवर बसला, तेव्हा कुठं त्याच्या बोटाला शाई लागली. आणि माझ्या पोरीनं स्वतःहून दुसऱ्याच्या हातात दिलं."

मुलीला ते यातलं काही बोलले नाहीत. ती दमलेली असते, म्हणायचे. खरं तर तेही दमले होते. रविवारी निकाल लागला, सोमवारी मी विचारलं, तर म्हणाले, "बघितला नाही."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी काका गेले. मुलगी आली होती. निघताना तिनं एक फॉर्म माझ्या हातात ठेवला. मयत माणसाचं नाव मतदार यादीतून काढण्याचा. "मी इथली मतदार नाही ना, माझी सही चालत नाही. तुम्ही द्याल?" मी हो म्हटलं आणि फॉर्म कपाटात ठेवून दिला. त्यांचं नाव मी माझ्या हातानं खोडायचं, हे मला जमेना.

हिवाळ्यात महापालिकेचं मतदान आलं. केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यानं मला चिठ्ठी काढून दिली आणि यादीवर बोट ठेवून विचारलं, "मावशी, तुमच्या गल्लीतले हे काका अजून आले नाहीत?"

"ते वारले."

"अरेरे. नाव तर आहे अजून," तो म्हणाला, आणि त्या नावापुढं पेनानं बारीक खूण करून घेतली.

आत जाऊन मी अधिकाऱ्यांना काका गेल्याचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी मत दिलं, पण माझा पाय काही घराकडे वळेना. दाराशी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसले. येणारा प्रत्येक माणूस आत कोणतं नाव सांगतोय ते कान देऊन ऐकत राहिले. कुणी पाणी आणून दिलं, कुणी विचारलं, बरं वाटत नाही का मावशी. ऊन उतरलं, आणि मग केंद्राचं दार बंद झालं. काकांच्या नावावर कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरून दिला.