भोरड्यांसमोर अर्धा तास

जन्मात मी समुद्र पाहिला नाही. तरी सध्या आमच्या धामणगाव बढेच्या घरात भिंतीवर कोकण किनाऱ्याचा नकाशा डकवलेला आहे आणि नातीनं त्यावर लाल पेनानं पायवाटा काढल्या आहेत. एक खाडीच्या काठानं, एक सरळ वाळूवरून. चार दिवस नुसते पक्षी पाहायचे. कुरव, तुतवार, जमलं तर समुद्री गरुड. मी मातकट लुगडं बाजूला काढलं, कॅनव्हासचे बूट आणले आणि रोज ते घालून ओट्यावर फेऱ्या मारते. समुद्र यायच्या आधीच बूट झिजतील, असं सूनबाईचं मत.

पण नातीनं अट घातली. "आजी, तू तोंड उघडलं का पाखरं उडतीन. अर्धा तास गप बसून दाखव, मंगच तुह्यं तिकीट."

अट रास्त होती. लग्न होऊन आले तेव्हा ज्वारी निसवली की मला मचाणावर चढवायचे. हातात गोफण, ओच्यात खडे. मी अशी ओरडायचे की दोन शेतं पलीकडचे बैल कान टवकारायचे. मैनेएवढ्या भोरड्यांचा थवा वळला की कमरेवर हात ठेवून उभी राहायचे, जसं काही शत्रूचं सैन्यच परतवलं. सासरे म्हणत, पोरी, तो थवा शेजाऱ्याकडं बसतो अन् तिथून हाकलला की आपल्याकडंच येतो. मला वाटायचं, म्हाताऱ्याला माझं कौतुक पाहवत नाही. एकदा खडा त्यांच्याच पागोट्याला लागला, तर उलट मीच रागावले, ज्वारीतून वाकून काऊन चालता म्हणून. अशी मी शहाणी. इतकी वर्षं पाखरं समोर होती, पण पाहिली फक्त त्यांची पाठ.

परीक्षा आमच्याच शेतात, बांधावरच्या बाभळीखाली झाली. नातीनं दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली, मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला. ज्वारी हुरड्यात आलेली. पहिली दहा मिनिटं सोपी गेली. मग आकाशात काळा ढग वळला आणि सरळ आमच्या कणसांवर उतरला. भोरड्या.

घशात हाळी येऊन बसली. उजवा हात आपोआप उचलला गेला, तो मी मांडीखाली दाबला. दुसऱ्या हातानं दुर्बीण डोळ्याला लावली. गुलाबी पोट, काळं डोकं, मानेवर शेंडी. एकजण कणसाला उलटा लोंबकळून दाणा काढत होता. इतका देखणा चोर मी इतकी वर्षं खड्यानं मारत आले.

तेवढ्यात मुलगा बांधावरून तरातरा आला. "माय, झोपली काय? तुह्या डोयादेखत कणसं खाऊन राह्यले ना." आवाज खालीच होता, पण हातात ढेकूळ होतं.

सात मिनिटं बाकी होती. एक ढेकूळ पडलं असतं, तर माझा समुद्र गेला असता. मी त्याचं मनगट धरलं, ढेकूळ काढून घेतलं आणि त्याच्या हातात दुर्बीण दिली. एक अक्षर बोलले नाही. तो आधी माझ्याकडं, मग पोरीकडं, मग ज्वारीकडं पाहत राहिला. शेवटी खाली बसला आणि दुर्बीण डोळ्याला लावली. मग परत द्यायचं नावच घेईना.

गजर वाजला. मी बूट सावरत उठले आणि इतका वेळ दाबून धरलेली हाळी अशी सोडली की पोरीनं कान झाकले. थवा उठला, वळला आणि शेजारच्या शेतात जाऊन बसला.

सासऱ्यांचं म्हणणं खरंच होतं.

"तिथं असं करजो नको," म्हणत नातीनं बांधावरच तिकीट काढायला घेतलं. वय विचारलं. मी दोन वर्षं कमी सांगितली. तिनं खरं तेच टाकलं.