गौरम्माची इरकल आणि पाच पातेली

उदगीरच्या मोंढ्यात मडिवाळप्पांनी चाळीस वर्षं दलाली केली, ती सगळी रुमालाखाली. माल समोर, तोंडं बंद, आणि दोघांचे हात रुमालाखाली. जितकी बोटं धरली तितका भाव. बोटं सोडली की सौदा पक्का. मग कुणी रडत आलं तरी मडिवाळप्पा पानाला चुना लावत विचारायचे, "बोटं धरताना झोपला होतास का?"

मोंढा सुटला, बायको गौरम्मा गेल्या. मागं राहिलं त्यांचं कपाट. वर्ष उलटल्यावर सून शिवानी म्हणाली, "मामा, आत्याबाईंच्या साड्यांना कसर लागून राहिली. भांडेवाल्याला देऊन टाकू."

"दे. पण ही इरकल न्हाई."

इरकल लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीची. पदराला अजून विभूतीचा वास होता. दुपारी मडिवाळप्पा ती उशाला घ्यायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, मान अवघडते.

"हाव मामा," शिवानी म्हणाली आणि शब्दाला जागली. घात केला तो मडिवाळप्पांनी स्वतःच.

भांडेवाला रामकिशन पूर्वी मोंढ्यातच हमाल होता. अंगणात बसून तो एकेक साडी झटकू लागला. "ही फाटकी. ही विटकी. हिला तेलाचा डाग. सगळ्याची तीन पातेली, काका."

शिवानीला पाचाचा संच हवा होता. गेलेल्या बायकोच्या साड्यांची अशी नालस्ती ऐकून दुसऱ्या कुणाला रडू आलं असतं. मडिवाळप्पांना चेव आला. "हात आण," ते म्हणाले. रुमाल जवळ नव्हता, म्हणून मांडीवरची इरकलच त्यांनी दोघांच्या हातांवर टाकली.

पाच बोटं धरली. उत्तरात तीन आली. पुन्हा पाच. चार. शेजारच्या बाया कामं टाकून बघून राहिल्या. वर्षभरात म्हाताऱ्याच्या तोंडावर एवढं तेज कुणी पाहिलं नव्हतं. चारावर रामकिशन अडला आणि हळूच म्हणाला, "ही हातांवरची टाका, पाच घ्या."

मडिवाळप्पांनी पाची बोटं करकचून धरली आणि सोडली.

बायांत कौतुकाची कुजबूज झाली. मडिवाळप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांना मांडी मोकळी लागली.

"रामकिशन, ती सौद्यात न्हाई बाबा."

"बोटं सुटली की, काका," रामकिशन नरमाईनं म्हणाला. "तुमच्याकडंच शिकलोय."

"एक पातेलं परत घे."

रामकिशननं शिवानीकडं पाहिलं. तिनं संच पोटाशी धरला होता. "राहू द्या मामा," ती मायेनंच म्हणाली. "तुम्ही शब्द फिरवला म्हणलं तर मोंढ्यात लई हसतील."

असलं उत्तर मडिवाळप्पांना तोंडपाठ होतं. आजवर ते दुसऱ्यांनाच दिलेलं, एवढंच.

गाठोडं चांगलंच फुगलं होतं. रामकिशननं इरकलीला पीळ दिला आणि तिच्यानंच ते आवळलं.

"जुना माल लई चिवट," तो म्हणाला. "काका, गाठीवर जरा बोट धरा."

मडिवाळप्पांनी बोट धरलं.