मल्लप्पाचा दोर

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सात वर्षं झाली. आता का सांगतोय? लोक मला चांगला माणूस म्हणायला लागलेत — आणि ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सोलापुरात झाडं तोडायची, फांद्या उतरवायची कामं घेतो मी. माझी दोन माणसं कायमची, त्यांचा विमा काढलेला. उंच झाड असलं की चढायला बाहेरचा माणूस बोलवायचा — वळसंगचा मल्लप्पा. आमच्या धंद्यात एक रीत आहे. चढणारा स्वतःच्या दोरावर चढला तर तो स्वतंत्र माणूस, पडला तर त्याचं तो बघेल. ठेकेदाराच्या दोरावर चढला तर तो ठेकेदाराचा माणूस. कायद्यात असं काही नाही म्हणे. पण आम्ही सगळे तसंच मानतो. मल्लप्पा तर देवाचं मानावं तसं मानायचा.

त्या दिवशी एका सोसायटीतली निलगिरी उतरवायची होती. सेक्रेटरींनी विम्याची झेरॉक्स मागितली, मी दिली. त्यावर दोन नावं, आणि झाडावर चढणारा तिसराच! त्यांनी वाचलंसुद्धा नाही, फाइलला लावली. कागद मिळाला, जबाबदारी संपली — काय माणसं असतात ही! आणि मी? विम्याच्या एजंटनं मला आधी विचारलं होतं, वर चढणाऱ्याचं नाव घालायचं का? मी म्हटलं, बाहेरच्यांचं आपण कशाला करायचं?

मल्लप्पानं आपला दोर आणला होता. तो त्याला जिवापाड जपायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. पण निलगिरीला तो आखूड पडत होता. मी टेंपोतला माझा दोर काढून दिला — उन्हाळाभर ओंडके ओढलेला. त्यानं त्यावरून बोटं फिरवली.

"मालक, ह्यो लई झिजलाय की."

"चढ रे," मी म्हणालो. "दिवस इथंच घालवायचाय का?"

तो चढला. अर्ध्या तासानं दोर तुटला.

माझी माणसं मागच्या बाजूला फांद्या भरत होती. आवाजानं धावत आली, त्याला रिक्षात घालून दवाखान्यात गेली. मी गेलो नाही. अवजारं गोळा करतो म्हणालो.

काय केलं मी तिथं? सांगतो — तुटलेला माझा दोर टेंपोत, ताडपत्रीखाली टाकला. मल्लप्पाचा दोर घेतला. दगडावर ठेवून ठेचला, घासला, दोन तुकडे होईपर्यंत घासला. हाताला फोड आले. मग ते तुकडे झाडाखाली, तो पडला होता तिथं नेऊन टाकले. भर दुपारी, शांतपणे. घाबरलो होतो म्हणू का? नाही. डोकं अगदी नीट चालत होतं.

चौकशीला आलेल्यांना मी तेच दाखवलं. स्वतंत्र माणूस, साहेब, दोरसुद्धा त्याचाच. त्यांनी फोटो काढले आणि गेले.

मल्लप्पाची कंबर गेली. आता तो दाराशी खाटेवर असतो, शिवणकाम करून बायको घर चालवते. पडल्या दिवसाचं त्याला काही आठवत नाही. त्याच्या मेव्हण्यानं वकील गाठला होता, भरपाईचा दावा लावू म्हणाला. मल्लप्पानंच त्याला गप्प केलं. "दोर माजा हुता. मालकाची काय चूक?"

दर दिवाळीला मी त्याच्याकडे ज्वारीचं पोतं नेतो. गल्लीतली माणसं म्हणतात, असा ठेकेदार बघितला नाही. पोतं फेकून पळावंसं वाटतं. त्यांचा राग येतो, खरं सांगू, मल्लप्पाचाही येतो — एकदा तरी शिव्या दे की माणसा! पण तो मला चहा पाजतो. गावात कुणी नवीन पोरं झाडावर चढायला लागली की त्यांना बोलावून बजावतो, दोर रोज तपासत जा, मी हयगय केली आणि बघा काय झालं.

हयगय! त्यानं बोट फिरवून सांगितलं होतं मला.

माझा तो झिजलेला दोर अजून गोदामात आहे. मल्लप्पाचा दोर तुटलाच नव्हता. तो मी तोडला.