लाल दिवा आणि मृणालिनीवहिनी

आमच्या मृणालिनीवहिनीला भीती अशी कशाची नव्हतीच, एक पाल सोडली तर. माझी ती थोरली जाऊ. मी, शकू, गिरगावातल्या त्या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची आणि घरी आली की काय मोडलंय ते हुडकत फिरायची. इस्त्री, दाराची घंटी, शेजारच्यांचा रेडिओ, काही चालायचं. लोक म्हणायचे, बाईमाणसाला शोभतं का हे? मी म्हणते, मग मोडकं तसंच ठेवणं शोभतं वाटतं?

तर गोष्ट मोटारीची. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज सभा, उद्या हरताळ, भिंती घोषणांनी भरलेल्या. आमचे सासरे अप्पा हायकोर्टातून निवृत्त झालेले. त्यांची एक काळी मोटार होती आणि ती त्यांच्याशिवाय कोणी चालवायची नाही, हा घरचा कायदा. वहिनीनं माहेरी, माहीमला, लायसन काढलं होतं. इथं ते ट्रंकेत पडून होतं.

आणि सासूबाई, आमच्या माई. त्यांचं डावं अंग लुळं पडलेलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघी सुना त्यांना खुर्चीसकट जिना उतरवायचो, मोटारीत मागच्या सीटवर बसवायचो, आणि अप्पा त्यांना चौपाटीवरून फिरवून आणायचे. त्यांना बाहेरचं वारं लागायचं ते तेवढंच. एरवी खाट आणि खिडकी. खिडकीतून काय दिसायचं, तर समोरच्या चाळीची मोरी!

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी मोटारीतला लाल दिवा लागला तो विझेचना. इंजिनात तेलाचा दाब नसला की तो लागतो. इंजिन सुरू झालं, दाब आला, की विझायला हवा. आणि दाब नसताना गाडी चालवली तर इंजिनाचं वाटोळं. अप्पांनी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्या मेल्यानं बॉनेट उघडल्यासारखं केलं आणि म्हणाला, "साहेब, इंजिन गेलं. विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो." आणि दूधवाल्याच्या शब्दावरही कधी विश्वास न ठेवणारे आमचे अप्पा चटकन "बरं" म्हणाले. घरातले पुरुष काय, माना डोलवायला तयारच.

माईंनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. मी ताट परत आणलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात उभी होती.

"माईंना जन्मभर त्या मोरीकडं बघत बसवायचं?" ती म्हणाली. "छे! इंजिन खरंच गेलंय की दिवाच खोटं बोलतोय, ते आधी बघते मी."

नशीब आमचं, दुसऱ्या दिवशी हरताळ पडला आणि गिऱ्हाईक काही आलं नाही. वहिनीची शाळाही बंद. सकाळीच तिनं पदर खोचला, पान्हे घेतले आणि वाडीच्या अंगणात बॉनेट उघडून उभी राहिली. गॅलऱ्यांमधून सगळी वाडी बघत होती. कामधंदा बंद, फुकटची करमणूक!

तिनं आधी तेल बघितलं. काठोकाठ. इंजिन क्षणभर चालू करून कान दिला. "ऐक शकू. दाब नसता तर आतून ठोके आले असते. हे तर गाणं म्हणतंय." मग तिनं मला इंजिनाच्या कुशीतलं एक पितळी बोंड दाखवलं, अंगठ्याएवढं, डोक्यावर एक वायर. तेलाचा दाब ओळखून दिव्याला कळवायचं, एवढंच त्याचं काम. तिनं वायर काढली, तसा दिवा विझला. जोडली, पुन्हा लागला.

"म्हणजे वायर ठीक आहे," ती म्हणाली. "आता एक तर दाब नाही, नाहीतर हे बोंड बिघडलंय. काढूनच बघू. तू आत बस आणि मी सांगितलं की स्टार्टर ओढ."

"अगंबाई, मी? काही झालं तर?"

"झालं तर मी आहे ना इथं!"

बोंड काढलं, मी डोळे मिटून स्टार्टर ओढला, आणि त्या भोकातून तेलाची अशी चिळकांडी उडाली की वहिनी लुगड्यासकट नाकापासून पायापर्यंत काळी! वरच्या गॅलरीत कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. वहिनी मात्र तोंड पुसत हसत सुटली. "याला म्हणतात दाब! इंजिन ठणठणीत आहे."

मग तिनं ते बोंड उन्हात धरून बघितलं. वर हळदकुंकवाचा लगदा, नारळाच्या शेंडीचा एक धागा चिकटलेला, आणि खाली हिरवा कळंक. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. लोक दसऱ्याला मोटारीपुढे नारळ फोडतात. आमचे अप्पा बॉनेट उघडून इंजिनाची पूजा करायचे आणि नारळाचं पाणी तीर्थासारखं थेट इंजिनावर ओतायचे! ते वर्षानुवर्षं आत मुरलं आणि आतली पट्टी कायमची चिकटली.

अप्पांना सांगितलं तर ते ताडकन म्हणाले, "देवाचं केलेलं कधी बाधत नाही."

"देवाला नाही हो बाधलं, अप्पा," वहिनी म्हणाली. "बोंडाला बाधलं."

दुसऱ्या दिवशी ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानातून ती नवं बोंड घेऊन आली. संध्याकाळी आम्ही माईंना खाली आणून मोटारीत बसवलं, मग वहिनीनं बोंड आवळलं, वायर जोडली. अप्पांनी इंजिन सुरू केलं. लाल दिवा गपकन विझला. अख्ख्या वाडीनं टाळ्या पिटल्या. मला तर रडूच आलं.

अप्पांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. "छान झालं," ते म्हणाले. "पण मोटार विकायचीच."

माझं डोकंच फिरलं. सून आहे, मोठ्यांपुढे बोलू नये, सगळं विसरले. "माईंनी काय घोडं मारलंय तुमचं?" मी ओरडले.

अप्पा खाली बघत हळूच म्हणाले, "मला दिसत नाही गं नीट. मोतीबिंदू पिकलाय. मध्यंतरी एक कोळीण टोपलीसकट गाडीखाली यायची राहिली. दिवा लागला तेव्हा वाटलं, सुटलो. डोळे गेले म्हणण्यापेक्षा इंजिन गेलं म्हणणं बरं."

तेवढ्यात मागच्या सीटवरून माई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. वर्षभर मागनं 'थांबा', 'पोलिसानं हात केलाय', 'डावीकडे सायकल आहे' म्हणून ओरडत कोण होतं? तुम्हाला वाटलं, बायको बडबडी आहे. द्या किल्ली तिला."

अप्पांनी किल्ली वहिनीच्या हातात ठेवली, मोटारीला वळसा घातला आणि माईंच्या शेजारी जाऊन बसले. मीही पुढं चढले. वहिनीनं गाडी अशी बाहेर काढली की जणू रोजचंच काम.

चौपाटीला लागलो. उन्हं उतरत होती. माईंनी काच खाली करायला लावली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, भरती आहे वाटतं! वर्षभर रोज येत्ये इथं, पण समुद्र आज बघत्ये. एरवी सगळा जीव रस्त्यावर."